फोटो तुमचा, लिलाव त्यांचा

प्रश्न : मी स्वातंत्र्यानंतरची टपाल तिकिटे ईबेवर लिलावात विकते. दुसऱ्या विक्रेत्याने माझे फोटो न विचारता लावले आहेत. काय करू?

उत्तर : फोटो तुम्ही स्वतः, स्वतःसाठी काढलेत, तर हक्क तुमचाच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र ही कलाकृती आहे. नोंदणी सक्तीची नाही. मूळ फाइल जपा, त्यांच्या पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या आणि ईबेच्या ‘व्हेरो’ योजनेतून तक्रार करा. मला खरी काळजी वाटते ती खरेदीदाराची. तिकिटाची किंमत कडेचे दाते, मागचा गोंद, शिक्क्याची जागा यांवर ठरते. तुमचे स्वच्छ तिकीट पाहून बोली लावणाऱ्याच्या हाती फाटक्या दात्यांचे तिकीट पडले, तर ती सरळ फसवणूक आहे. तक्रारीत हेही स्पष्ट लिहा.