नृत्याची उमेदवारी

शाळेचें स्नेहसंमेलन पार पडलें म्हणजे रंगमंचावर नाचलेल्या मुलामुलींपैकीं एखाद्याच्या मनांत असा विचार हटकून येतो कीं, हीच कला आपण जन्माची सोबतीण कां करूं नये? पुढें तो विचार भीत भीत घरीं बोलून दाखविला जातो, आणि आईबापांपुढें प्रश्न उभा राहतो. मुलीला पुण्यास अथवा मुंबईस नृत्य शिकावयास पाठवावें काय? पाठविल्यास किती वर्षें? आणि त्या वर्षांच्या शेवटीं तिच्या हातीं काय येईल? या प्रश्नांचीं उत्तरें उत्साहाच्या भरांत किंवा भीतीच्या पोटीं देण्यापेक्षां, नृत्याच्या धंद्याची तयारी म्हणजे नेमकें काय असतें हें आधीं समजून घेणें बरें. तेवढ्यासाठींच हा लेख आम्ही लिहीत आहों.

ओझरच्या वाचकांस उमेदवारी हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाहीं. आपल्या गांवीं १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. नवख्या फिटराच्या हातीं पहिल्याच दिवशीं कोणी विमानाचा भाग देत नाहीं. कानस सरळ चालविणें, माप अचूक घेणें, अशीं साधीं कामें तो वरिष्ठाच्या नजरेखालीं शेंकडों वेळां करतो. हात बसला म्हणजेच पुढचें काम मिळतें. नृत्याचेंही तसेंच आहे. हौसेखातर आठवड्यांतून दोन वेळां वर्गास जाणें ही एक गोष्ट. तिनें अंगांत डौल येतो, मन प्रसन्न राहतें, आणि तेवढ्यासाठीं जाणाऱ्यास आम्ही कधींही नको म्हणणार नाहीं. परंतु धंद्याची तयारी ही सर्वस्वी निराळी गोष्ट होय. तींत रोजचे कित्येक तास द्यावे लागतात, एका गुरूची नजर सतत अंगावर असावी लागते, आणि तीच तीच क्रिया वर्षानुवर्षें करावी लागते.

ती क्रिया कोणती, हें कथकाच्या उदाहरणानें पाहूं. कथक शिकणाऱ्याचा पहिला धडा म्हणजे तत्कार. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ हे आठ बोल पायांनीं वाजवावयाचे. पहिल्या चार बोलांत उजवा पाय आरंभ करतो, दुसऱ्या चारांत डावा. म्हणजे दोन्ही पायांस सारखें काम मिळतें. त्रितालाच्या सोळा मात्रांत हे आठ बोल दोनदां बसतात. प्रत्येक मात्रेस एक पाऊल पडलें तर एका आवर्तनांत सोळा पावलें होतात. दुगुणींत तीं बत्तीस होतात, आणि चौगुणींत चौसष्ट. काळ तेवढाच, पण पावलें चौपट! आणि त्या चौसष्ट पावलांतील प्रत्येक पाऊल स्वच्छ ऐकूं आलें पाहिजे. एकेका पायांत शंभर किंवा त्याहून अधिक घुंगरें बांधलेलीं असतां एक पाऊल जरी कच्चें पडलें तरी सगळा आवाज गढूळ होतो. म्हणून जाणता गुरु शिष्यास महिनोन्महिने ठाय लयींतच ठेवतो. मुलास वाटतें, आपण मागें पडलों. वस्तुतः त्याचा पाया भरला जात असतो.

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं यांतील गणिताचा अनुभव घरबसल्या घ्यावा. त्रितालांत पहिल्या, पांचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी असते, आणि नवव्या मात्रेवर काल, म्हणजे हात मोकळा सोडावयाचा. पहिल्या मात्रेस सम म्हणतात. आतां पांच मात्रांचा एक तुकडा घ्या, त्यापुढें एक मात्रा थांबा, पुन्हां तोच तुकडा, पुन्हां एक मात्रा विश्रांति, आणि तिसऱ्यांदां तोच तुकडा. पांच, एक, पांच, एक, पांच मिळून सतरा होतात. समेवर आरंभ केला असल्यास शेवटचा बोल सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या समेवर, बरोबर येऊन पडतो. हीच तिहाई. प्रेक्षक जेथें ‘वाहवा’ म्हणतात, तेथें नर्तकाच्या डोक्यांत असा हिशेब चाललेला असतो. यासाठींच विद्यार्थ्यास हातानें ताल धरून तोंडानें बोल म्हणावयास लावतात. त्यास पढंत म्हणतात. जें तोंडानें नीट म्हणतां येत नाहीं तें पायांनीं नीट निघत नाहीं, असा गुरुजनांचा अनुभव आहे. तत्कारानंतर हस्तक, चक्कर, तोडे, परण, गतभाव आणि अभिनय अशा एकामागून एक पायऱ्या येतात.

इतक्या दीर्घ तयारीचें आपल्या महाराष्ट्रांतील उत्तम उदाहरण म्हणजे रोहिणीबाई भाटे यांचें जीवन. त्यांचा जन्म १९२४ सालचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांतून त्या १९४६ सालीं बी. ए. झाल्या, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं पुण्यास ‘नृत्यभारती’ ही कथकाची शाळा सुरू केली. ज्या काळीं पांढरपेशा घरांत मुलीनें नाचणें कमीपणाचें मानीत, त्या काळची ही गोष्ट आहे. पण आम्हांस त्याहूनही बोधप्रद वाटते ती गोष्ट अशी कीं, शाळा काढली म्हणून त्यांचें शिकणें संपलें नाहीं. आरंभीं जयपूर घराण्याच्या सोहनलालांपाशीं धडे घेतलेल्या या बाईंनीं पुढें लखनौ घराण्याचे लच्छू महाराज व मोहनराव कल्याणपूरकर यांच्यापाशीं एक तपाहून अधिक काळ विद्या घेतली. स्वतः गुरु असतांना त्या शिष्याही राहिल्या. १९७९ सालीं त्यांस संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला; २००८ सालीं त्या निवर्तल्या. त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या शिष्या आज स्वतः शाळा चालवीत आहेत.

त्यांच्याही आधीं मादाम मेनका यांनीं खंडाळ्यास निवासी नृत्यशाळा चालविली होती. मुंबईची दमयंती जोशी ही मुलगी बालवयापासून मेनकाबाईंच्या पंखांखालीं वाढली, त्यांच्या संचाबरोबर युरोपांत फिरली, आणि पुढें कथकांतील एक मानाचें नांव झाली. तमाशाच्या फडांतील कलावंतिणींचीही उमेदवारी याच जातीची. विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर यांस कोणतें प्रमाणपत्र मिळालें नव्हतें. वडिलांच्या व चुलत्यांच्या फडांत लहानपणापासून झालेला रोजचा सराव हीच त्यांची शाळा. जी कला आपण दुरून पाहून हलकी समजतों, तिच्यामागेंही वर्षांचे कष्ट असतात, हें विसरूं नये.

येथें कोणी विचारील, मग शहराचें काय काम? शहरांत कीर्ति ठेवलेली नसते. शहरांत तीन गोष्टी मिळतात. पहिली, रोज चूक दाखविणारा अधिकारी गुरु. दुसरी, तबला, सारंगी किंवा पेटी यांची जिवंत साथ. यंत्रांतून निघणारा ठेका कधीं चुकत नाहीं, पण तो नर्तकाकडे पाहतही नाहीं, आणि साथीदाराशीं संवाद करणें हा तर या कलेचा अर्धा भाग आहे. तिसरी, थोरामोठ्यांचे प्रयोग पाहण्याची व समवयस्कांशीं आपली तुलना करण्याची संधि. गांवांत जो पहिला असतो तो शहरांत कदाचित् विसावा ठरतो, आणि हें त्यास लवकर कळणें हिताचेंच असतें.

अशा शिक्षणाच्या संस्था आपल्याकडे आहेत. पुणें विद्यापीठांत १९८७ सालीं ललित कला केंद्र स्थापन झालें. तेथें नृत्य, संगीत व नाट्य यांचें पदवीचें व त्यापुढचें शिक्षण गुरुकुल पद्धतीच्या धर्तीवर दिलें जातें. नाशिक जिल्ह्यांतील महाविद्यालयें याच विद्यापीठाशीं जोडलेलीं असल्यानें तें आपल्यास परकें नव्हे. मुंबईंत डॉ. कनक रेळे यांनीं १९६६ सालीं नालंदा नृत्य संशोधन केंद्र काढलें, आणि त्यांतूनच पुढें मुंबई विद्यापीठाशीं संलग्न असें नृत्याचें महाविद्यालय उभें राहिलें. परंतु शहरास जाण्यापूर्वींची पायरी जिल्ह्याच्या ठिकाणींही चढतां येते. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, आणि आयुष्याच्या उत्तरकाळांत नाशिकास आश्रम करून तेथें शिष्यांस शिकविलें. १९३१ सालीं ते वारल्यावर त्यांच्या शिष्यांनीं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशा क्रमानें त्याच्या परीक्षा होतात, आणि त्यांत नृत्यही आहे. मुलीनें आधीं या क्रमांतील दोनतीन पायऱ्या चढाव्या, आणि मगच शहराचा विचार करावा, असें आमचें मत आहे.

आतां शरीराचा विचार. रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें १७३८ सालीं सुरू झालेली बॅले नृत्याची शाळा आज वागानोवा अकादमी म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. तेथें सुमारें दहाव्या वर्षीं मुलें घेतात, आणि आठ वर्षें नृत्याबरोबर सामान्य शाळेचे विषयही शिकवितात. परंतु पायाच्या बोटांच्या टोकांवर उभें राहण्याची घाई जाणते शिक्षक करीत नाहींत, कारण वाढत्या वयांत हाडें व सांधे कोंवळे असतात. कथकांत अनवाणी पायांनीं जोरानें पदाघात करावे लागतात. सिमेंटच्या अथवा फरशीच्या जमिनीवर तासन्‌तास असा सराव केल्यास नडग्या दुखूं लागतात. लांकडी जमीन तो आघात कांहींसा पोटांत घेते. सरावापूर्वीं अंग तापविणें, पोटभर व सकस आहार, आणि पुरेशी झोंप या गोष्टी तत्काराइतक्याच शिक्षणाच्या आहेत. सडपातळ दिसण्यासाठीं उपाशी राहणाऱ्या मुलींची हाडें ठिसूळ होतात व ऋतुधर्मांत खंड पडतो. असें झाल्यास तत्काळ डॉक्टरांस दाखवावें. दुखणें लपवून नाचणें हें शौर्य नव्हे.

आरंभ उशिरां झाला म्हणून सर्व संपलें असेंही नाहीं. अमीरुद्दीन शाह व मनीष चौहान या मुंबईच्या दोन मुलांची हकीकत २०२० सालच्या ‘ये बॅले’ या चित्रपटामुळें सर्वश्रुत झाली आहे. एकाचे वडील वेल्डर, दुसऱ्याचे टॅक्सीचालक. घराण्यांत नृत्याचा गंध नाहीं. मुंबईंत शिकविण्यास आलेल्या येहुदा माओर या वृद्ध शिक्षकांनीं त्यांस रोज घांसून तयार केलें, आणि २०१७ सालीं अमीरुद्दीनला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्यें प्रवेश मिळाला. मात्र ही हकीकत वाचून कोणी असा समज करून घेऊं नये कीं, आपलेंही असेंच होईल. त्यांतील घेण्यासारखें एवढेंच कीं, गरिबी आड आली नाहीं, आणि रोजच्या कष्टांवांचून कांहींही घडलें नाहीं.

पालकवर्गास आमची नम्र विनंती अशी कीं, कोणत्याही संस्थेंत पैसे भरण्यापूर्वीं स्वतः जाऊन पाहावें. रोज प्रत्यक्ष शिकवितो कोण, नामांकित संचालक कीं त्यांचे नवशिके मदतनीस? एका वर्गांत मुलें किती? जमीन कशी आहे? पालकांस वर्ग पाहूं देतात काय? शुल्क व परताव्याचे नियम लेखी मिळतात काय? मुलीची राहण्याची व्यवस्था कोणाच्या देखरेखीखालीं आहे? जेथें तीन महिन्यांत चित्रपटांत किंवा दूरचित्रवाणीवर नेण्याचें वचन देतात, अथवा पालकांस दाराबाहेर ठेवतात, तेथून परत फिरावें. खर्चाची चिंता असणाऱ्यांनीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं, दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राकडून दहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींस कलाशिक्षणासाठीं शिष्यवृत्त्या देण्याची योजना आहे.

आणि शाळा सोडूं नये. एकटीनें रंगमंच गाजविणाऱ्या नर्तकी थोड्याच होतात. बहुतेकांचा चरितार्थ शिकविण्यावर, नृत्यरचनेवर किंवा एखाद्या संचांत काम करण्यावर चालतो. या प्रत्येक कामांत भाषा, इतिहास, हिशेब आणि पत्रव्यवहार लागतो. शिवाय घोटा एकदां मोडला तर सगळी वर्षें वाऱ्यावर जाऊं नयेत. रोहिणीबाईंनीं पदवी घेतली आणि मग शाळा काढली, हा क्रम डोळ्यांपुढें ठेवावा.

ज्या मुलामुलींस ही वाट खुणावीत आहे, त्यांस शेवटीं एक कसोटी सुचवितों. जवळपासच्या शिक्षकांपाशीं तत्कार नीट शिकून घ्या, आणि मग एक वर्ष रोज पहांटे अर्धा तास तोच करा. प्रेक्षक नाहींत, टाळ्या नाहींत, नवीन गाणें नाहीं. पहिल्या महिन्यांत कंटाळा येईल, तिसऱ्यांत पाय दुखतील, परीक्षेच्या दिवसांत निमित्तें सुचतील. वर्ष संपल्यावरही जर दुसऱ्या दिवशीं पहांटे उठावेंसें वाटलें, तर आईवडिलांपुढें जाऊन आपली इच्छा सांगा. आणि आईवडिलांनींही त्या वेळीं ती हंसण्यावारी न नेतां मन लावून ऐकावी. न वाटलें, तरी लाजण्याचें कारण नाहीं. तें वर्ष वायां गेलें नाहीं. अंग घटलें, कान तयार झाला, आणि आपल्यास खरोखर काय हवें आहे हें शहरांत पैसे व वर्षें घालविण्यापूर्वीं ओझरांतच कळलें.