सहल-पाठ : गोदाकाठचे नांदेड
(इयत्ता पाचवी ते सातवी. भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र यांचा समन्वय)

पाठाचा हेतू. कोकणातील खेड्यापाड्यांतील मुलांना शीख समाजाचा सहवास क्वचितच घडतो. पगडी आणि दाढी एवढीच त्यांना त्या समाजाची ओळख असते, आणि तीही पुष्कळदा कोठे तरी ऐकलेल्या थट्टेच्या चुटक्यांतून झालेली असते. असा चुटका वर्गात निघाला असता शिक्षकाने नुसते रागे भरल्याने मूल गप्प बसते. त्याचे मन मात्र बदलत नाही. ते खऱ्या परिचयानेच बदलते. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक महाराष्ट्रात आहे, आणि त्यांच्या धर्मग्रंथात एका मराठी संताची पदे आहेत, या दोन गोष्टी मुलांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा हेतू होय.

प्रस्तावना. पाठाचा आरंभ मुलांच्या परिचयाच्या वस्तूपासून करावा. वालावल येथील मुलांना लक्ष्मीनारायणाचे देऊळ, त्याच्यालगतचे तळे आणि कर्ली नदी ही रोजची आहेत. कर्ली सह्याद्रीतून निघून थोडक्याच अंतरावर पश्चिमेच्या समुद्रास मिळते. गोदावरीही सह्याद्रीतच, त्र्यंबकेश्वरी, उगम पावते. परंतु ती पूर्वेकडे वळते आणि सुमारे १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. हा फरक भिंतीवरील नकाशावर मुलांकडून दाखवून घ्यावा व गोदावरीच्या काठाने बोट पुढे नेत नांदेड शोधावयास सांगावे. कुडाळहून घाट चढून कोल्हापूर, तेथून सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर व नांदेड हा खुष्कीचा मार्गही त्याच वेळी रेखाटून घ्यावा.

इतिहास. सनावळी पाठ करून घेण्याऐवजी ती मुलांच्या माहितीतील प्रसंगांशी जोडावी. ज्या १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, त्याच साली शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांचा जन्म पाटणा येथे झाला. ज्या १७०८ साली शाहू महाराजांना साताऱ्यास राज्याभिषेक झाला, त्याच साली, ऑक्टोबर महिन्यात, गुरू गोविंदसिंग यांनी नांदेड येथे देह ठेवला. तत्पूर्वी येथेच त्यांची माधोदास नावाच्या बैराग्याशी भेट झाली. तोच पुढे बंदासिंग बहादूर या नावाने इतिहासात प्रसिद्ध झाला. आपल्यामागे कोणीही व्यक्ती गुरू न होता ग्रंथसाहिबासच गुरू मानावे, असे गोविंदसिंगांनी सांगितले. म्हणून नांदेडचे महत्त्व केवळ समाधिस्थानाचे नाही. येथे गुरुपद ग्रंथाकडे गेले. या घटनेची त्रिशताब्दी २००८ साली नांदेड येथे मोठ्या प्रमाणावर साजरी झाली.

सचखंड श्री हुजूर साहिब या गुरुद्वाऱ्याची वास्तू पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविली. अमृतसर, आनंदपूर, तलवंडी साबो व पाटणा येथील तख्तांबरोबर याची गणना होते.

नामदेवांचा धागा. ग्रंथसाहिबात शीख गुरूंच्या वाणीबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद यांची व संत नामदेवांचीही वाणी आहे. नामदेवांची ६१ पदे त्यात आहेत. वारकऱ्यांच्या दिंडीत ज्यांचे अभंग गाइले जातात, त्यांचीच पदे गुरुद्वाऱ्यात कीर्तनातून ऐकू येतात. पंजाबातील घुमान येथे नामदेवांचे स्थान असून २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले होते.

परिसर. नांदेडहून नजीकच्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे गाव, तसेच औंढा नागनाथाचे कोरीव देऊळ पाहता येते. नांदेड जिल्ह्यातच कंधारचा भुईकोट किल्ला आहे. मालवणच्या सिंधुदुर्गास समुद्राचे पाणी राखते, कंधारला खोदलेला खंदक राखतो. ही तुलना मुलांकडूनच करून घ्यावी. माहूरगडची रेणुकामाता व शहराजवळील विष्णुपुरीचे धरण हीही पाहण्याजोगी आहेत.

लंगर व शिष्टाचार. गुरुद्वाऱ्यात शिरताना पादत्राणे काढावी, हातपाय धुवावे, मस्तक रुमालाने झाकावे. तंबाखू जवळ बाळगू नये. हा नियम सोबतच्या वडील मंडळींसही लागू आहे. लंगरात सर्वांनी जमिनीवर एका पंगतीत बसावे, पोळी दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यावी व पानात काही टाकू नये. ‘संगत’ आणि ‘पंगत’ हे शब्द शिखांचेही आहेत व मराठीचेही आहेत. मात्र आपल्याकडे पूर्वी पंगती जातीनुसार वेगळ्या बसत. लंगरात राजा व मजूर यांच्यासाठी पंगत एकच असते. शाळेतील पोषण आहाराच्या वेळी मुले कोण कोणाशेजारी बसतात, इकडे शिक्षकाने लक्ष द्यावे. हा पाठ खऱ्या अर्थाने तेथेच शिकविला जातो.

उपक्रम. लांबचा प्रवास व त्याचा खर्च प्रत्येक शाळेस झेपेल असे नाही. अशा शाळांनी नकाशावर सहल काढावी आणि नांदेड जिल्ह्यातील एखाद्या शाळेस मुलांकडून पत्र लिहवावे. पत्रात तळे, माड, कर्ली व गावच्या जत्रेचे वर्णन असावे, आणि उत्तरी गोदावरी व गुरुद्वारा यांचे वर्णन मागवावे.

प्रश्न.
१. कर्ली व गोदावरी यांचे उगम सह्याद्रीत असूनही त्या विरुद्ध दिशांना का वाहतात?
२. १७०८ साली नांदेड येथे कोणते गुरुपद कोणास मिळाले?
३. नामदेवांनी महाराष्ट्र व पंजाब कसे जोडले?
४. लंगराची पंगत आणि आपल्या वर्गाची पंगत यांत कोणते साम्य असावे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहवून घेऊ नये. ते जेवणाच्या वेळी पाहावे.