सीमेवरचा तारकागुच्छ

मार्चच्या मध्यास रात्री आठच्या सुमारास बेळगावात मिथुन रास माथ्याजवळ येते. तिच्यातील कॅस्टर ताऱ्याच्या उत्तरेस सात अंशांवर एन. जी. सी. २४१९ हा गोलाकार तारकागुच्छ आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. विल्यम हर्शेल यांनी दुर्बिणीतून तो १७८८ मध्ये प्रथम पाहिला.

त्याचे अंतर कसे काढतात, हे विद्यार्थ्यांनी स्वतः गणित मांडून पाहावे. या गुच्छात आर. आर. लायरी जातीचे रूपविकारी तारे आहेत. अशा ताऱ्याची निरपेक्ष प्रत, म्हणजे १० पार्सेकवरून दिसेल ती, सुमारे ०.६ असते, येथे ते सुमारे २०.३ प्रतीचे दिसतात. फरक १९.७. दर ५ प्रतींना अंतर दहापट होते. म्हणून १० पार्सेकच्या सुमारे ८,७०० पट, म्हणजे ८७,००० पार्सेक. प्रकाशवर्षांत पावणेतीन लाखांहून अधिक! मोठा मॅगेलनी मेघ, जो स्वतंत्र दीर्घिका आहे, तोही याहून पुष्कळ जवळ.

एवढ्या दूरचा, म्हणून त्याला ‘दीर्घिकांमधला भटक्या’ असे नाव पडले. नाव गोड, पण घाईचे. केवळ अंतरावरून नाते ठरत नाही. वेग पाहावा लागतो, आणि याचा वेग आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणातून सुटण्याइतका नाही. तेव्हा तो आपलाच, असे म्हणावे, तर २०१८ पासूनच्या गाइया उपग्रहाच्या मापनांनी निराळीच गोष्ट पुढे आणली. त्याची कक्षा धनु बटुदीर्घिकेतून ओढल्या गेलेल्या तारकाप्रवाहाशी जुळते. या बटुदीर्घिकेला आकाशगंगा हळूहळू फाडून आत्मसात करीत आहे. गुच्छ बहुधा तिच्याबरोबरच इकडे आला.