स्क्रीनवाला मायक्रोस्कोप : कल्ल्यातले किडे दिसतात, विषाणू नाही

बारडोलीकडं तळं करणारे आपले लोक मासे तोंड वासून वर आले की आधी दुकान गाठतात. पहाटे सगळेच मासे वर असतील तर ऑक्सिजन कमी आहे, तिथं औषध काय करणार? एअरेटर लावा. तसं नसेल तर कल्ला बघा. विद्यार्थ्यांसाठी मिळतो तो स्क्रीनचा मायक्रोस्कोप त्याला पुरतो.

मासा आजारी पण जिवंत हवा. मेलेल्या, बर्फातल्या माशावर हे किडे टिकत नाहीत. कल्ल्याचं टोक कातरून काचपट्टीवर ठेवायचं, वर तळ्याच्याच पाण्याचा थेंब. नळाचं नको, क्लोरीननं जीव मरतात. पातळ काच झाकून खालचा दिवा लावा, लहान भिंगापासून सुरुवात करा. गोल चकतीसारखं गरगर फिरतं ते ट्रायकोडिना. लांबट, वळवळणारं, मागच्या टोकाला आकडे, तो कल्ल्यातला कृमी डॅक्टिलोगायरस. एखाददुसरा निरोगी माशातही असतो, घाबरू नका. बुजबुजाट असेल तर फोटो काढून मत्स्य अधिकाऱ्यांना दाखवा, मगच औषध.

खोक्यावरच्या १००० पटीला भुलू नका. स्क्रीनवर चित्र नुसतं ताणलं जातं.

ओलपाडकडं कोळंबी करणाऱ्यांनी तर पक्कं ध्यानात ठेवा : पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू यात दिसत नाही. ईएचपीचा बीजाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, त्याचाही भरवसा नाही. दोन्हीला पीसीआर तपासणीच लागते. नवसारीला सीबाचं संशोधन केंद्र आहे. नमुना कसा आणायचा ते आधी विचारून मगच निघा.