थेरपिस्टला पहिला प्रश्न कोणता विचारायचा?

भाची : मावशी, कोल्हापुरात ओसीडीसाठी, म्हणजे मंत्रचळासाठी, थेरपिस्ट शोधायचा तर सुरुवात कुठून करायची? एका पाटीवर मानसोपचारतज्ज्ञ, दुसरीवर सायकॉलॉजिस्ट, तिसरीवर समुपदेशक. घरच्यांनी यातून निवडायचं कसं?

मावशी : मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर. तो निदान करतो, औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, थेरपी करतो. त्याचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत आहे का, हे ऑनलाइन पाहता येतं. समुपदेशकांचं शिक्षण मात्र फार वेगवेगळं असतं. पण ओसीडीच्या बाबतीत पदवी पाहून थांबू नये, असं माझं ठाम मत आहे. विचारायचं ते हे, की तुम्ही ईआरपी करता का? एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शनचं हे लघुरूप. ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि भीती शमवायला जी कृती करावीशी वाटते ती करायची नाही, एवढंच त्याचं सूत्र.

भाची : पण थेरपिस्ट मायाळू असावा, नीट ऐकून घेणारा असावा, हे जास्त महत्त्वाचं नाही का?

मावशी : ते हवंच, पण तेवढ्याने भागत नाही. उलट या आजारात नुसता धीर देत राहिलं तर आजार बळावतो. ‘गॅस बंद आहे ना?’ असं विचारणाऱ्याला ‘हो, आहे’ म्हटलं की जीव भांड्यात पडतो, पण थोड्याच वेळात शंका पुन्हा डोकं वर काढते. कारण मेंदू त्यातून शिकतो ते एवढंच, की विचारल्यावर सुटका होते. घरातली माणसं मायेपोटी हेच करतात. थेरपिस्टही दर आठवड्याला ‘काही होणार नाही’ एवढंच सांगणार असेल, तर वर्ष सरेल आणि आजार तसाच राहील. ईआरपीत वेगळं घडतं. समज, जंतूंची भीती आहे. सेंट्रल बसस्टँडवरच्या बाकाला हात लावायचा, धुवायचा नाही आणि तिथेच बसून राहायचं. अस्वस्थता 100 पैकी किती, ते दर काही मिनिटांनी सांगायचं. आकडा 80 वर जातो, काही काळ तिथेच घुटमळतो आणि बहुतेकदा हळूहळू उतरायला लागतो. एखाद्या दिवशी फारसा नाही उतरला, तरी हात न धुता ती अस्वस्थता सोसता येते, हे अनुभवाला येतं. शंभरदा समजावून जे पटत नाही ते असं पटतं.

भाची : ऐकायलाच निर्दय वाटतं. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवायचं?

मावशी : जबरदस्ती केली तर निर्दयच. म्हणून चांगला थेरपिस्ट आधी रुग्णाबरोबर बसून भीतीची उतरंड लिहून काढतो, सोप्या पायरीपासून सुरुवात करतो आणि संमतीशिवाय पुढची पायरी घेत नाही. लंडनच्या व्हिक्टर मायर यांनी 1966 मध्ये दोन रुग्णांवरच्या अशा उपचाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यानंतर या पद्धतीवर जितकं संशोधन झालं, तितकं ओसीडीच्या दुसऱ्या कुठल्याही मानसोपचारावर क्वचितच झालं असेल.

भाची : मग औषधं कशासाठी? आणि औषधाने भागत असेल तर हा खटाटोप कशाला?

मावशी : औषधांना मी कमी लेखत नाही. फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीनसारख्या गोळ्यांचा उपयोग होतो. फक्त धीर धरावा लागतो, 8 ते 12 आठवडे, आणि मात्राही अनेकदा नैराश्यात देतात त्याहून जास्त लागते. आजार तीव्र असेल तर औषध घ्यावंच, मनाने बंद करू नये. पण औषध चालू असूनही पुष्कळांचा त्रास उरतो. अशाच 100 रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाला ईआरपीची जोड मिळालेल्यांपैकी 80 टक्क्यांना लक्षणीय गुण आला. रिस्पेरिडोन हे दुसरं औषध जोडलेल्यांत हे प्रमाण 23 टक्के होतं, प्लासिबोची, म्हणजे औषध नसलेली, गोळी जोडलेल्यांत 15 टक्के. फरक एवढा मोठा असताना थेरपीला ऐच्छिक मानणं मला पटत नाही.

भाची : पण आपल्याकडे सोवळंओवळं आहे, देवळात शिरण्याआधी पाय धुणं आहे. त्यालाही आजार म्हणायचं?

मावशी : मुळीच नाही. अंबाबाईच्या दर्शनाआधी पाय धुणारा माणूस ते धुऊन पुढे जातो. आजारात ते धुणं संपत नाही. रोज तासाहून जास्त वेळ त्यात जातो, कामं अडतात आणि शेवटी समाधानही मिळत नाही. चांगला थेरपिस्ट श्रद्धेला हात लावत नाही, त्या न संपण्याला लावतो.

भाची : आणि ईआरपी करणारं इथे कुणी भेटलंच नाही तर?

मावशी : निदान तरी इथेच करून घ्यायचं. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. थेरपीसाठी गाव सोडायची गरज नाही, ती व्हिडिओ कॉलवरही होते. गॅसच्या बटणाची भीती असेल तर मोबाइल समोर ठेवून स्वतःच्या स्वयंपाकघरातच सराव होतो, हा उलट फायदाच. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत ओसीडीचं स्वतंत्र क्लिनिक आहे, अवघड केस तिकडे नेता येते. मात्र कुणाकडेही गेलं तरी पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात. ईआरपी कुठे शिकलात, सत्रात प्रत्यक्ष सराव करून घेता का आणि घरच्यांनी काय थांबवायचं हे सांगाल का? उत्तरं गोलमोल आली तर दुसरा थेरपिस्ट शोधावा, त्यात संकोच कसला? आणि अगदीच काही सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.