युद्धानंतरची पत : बोस्नियाचा धडा

व्यापारी व कारागीर बंधूंनो, यादवीतून बाहेर पडलेल्या लहान देशावर जग विश्वास कसा ठेवते, हे आपण बोस्निया-हर्झेगोविनावरून समजून घेऊ.

१९९२ ते १९९५ च्या युद्धात सुमारे एक लाख माणसे मेली. डिसेंबर १९९५ मध्ये पॅरिसला डेटन करारावर सह्या झाल्या. परराष्ट्र व्यवहार तिघांच्या अध्यक्षमंडळाकडे आला : एक बोस्नियाक, एक सर्ब, एक क्रोएट.

पण बाजार सह्यांनी उघडत नाही. बोस्नियन दिनार, युगोस्लाव्ह दिनार, क्रोएशियाचा कुना आणि जर्मन मार्क अशी वेगवेगळी नाणी चालत होती. १९९८ मध्ये समान चलनाच्या नोटा आल्या. त्याचा भाव जर्मन मार्कशी एकास एक बांधला गेला. परकीय गंगाजळीच्या आधाराशिवाय नोट काढायची नाही, आणि पहिली सहा वर्षे मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर देशाचा किंवा शेजारच्या देशाचा नागरिक नसावा, असे ठरले होते.

त्याच वर्षी गाड्यांना समान नंबरप्लेट मिळाल्या. लॅटिन आणि सिरिलिक या दोन्ही लिप्यांत सारखी दिसणारी अक्षरेच त्यावर घेतली. गाडी कोणत्या भागातली हे कळेना, तेव्हा माल नेणाऱ्याची भीती कमी झाली.

डिसेंबर २०२२ मध्ये या देशाला युरोपीय संघाच्या उमेदवारीचा दर्जा मिळाला. मात्र आपसातील वादांमुळे वाटचाल रेंगाळत राहिली.

आम्हाला यातून एवढेच सांगायचे आहे : भागीदारांत अविश्वास असेल तर हिशेबाची वही काही काळ तिऱ्हाइताकडे द्यावी. मात्र ती कायम तिथेच राहिली, तर पेढी आपली राहत नाही.