हिशेबाच्या दफ्तराला ए. आय. सहायकाची जोड

केळवे-माहीमच्या पट्ट्यात नारळ-सुपारीच्या वाड्या व पानवेलीचे मळे यांवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. वाडीचे उत्पन्न थोडेथोडे येते. मजुरी, खत व पाणी यांचा खर्च मात्र थांबत नाही. अशा धंद्यात खात्यावर शिल्लक किती आणि कर्जाची मुदत केव्हा संपते, हे वेळीच ठाऊक असणे अगत्याचे आहे. अलीकडे हे प्रश्न मोबाइलवरील ए. आय. सहायकाला विचारले जातात. त्याचे उत्तर कोठून येते, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

जोडणी म्हणजे काय?

नुसता सहायक हा पुष्कळ वाचलेल्या, परंतु आपले पासबुक कधीही न पाहिलेल्या माणसासारखा असतो. कर्जाचे सर्वसाधारण नियम तो सांगेल. आपल्या खात्याची बाकी त्याला ठाऊक नसते. तरीही तो कधी कधी अंदाजाचा आकडा खात्रीच्या स्वरात सांगतो. दफ्तराशी जोडलेला सहायक प्रथम नोंद मागवितो व ती पाहून उत्तर देतो. अशा जोडणीसाठी अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' ही खुली पद्धत प्रसिद्ध केली. शेतकऱ्यांच्या जवळचे उदाहरण म्हणजे केंद्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेला 'किसान ई-मित्र'. पी. एम. किसान योजनेचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. त्या हप्त्यांविषयीच्या प्रश्नांना तो उत्तरे देतो.

चुकीच्या आकड्याची किंमत

किसान क्रेडिट कार्डावरील सवलतीच्या पीककर्जास २०२५-२६ साली व्याजाचा दर ७ टक्के होता व मुदतीत फेड करणाऱ्यास ३ टक्के सूट होती. १ लाख रुपये वर्षभर वापरल्यास व्याज ७,००० रुपयांऐवजी ४,००० रुपये पडते. सहायकाने मुदतीची तारीख अंदाजाने आठ दिवस पुढची सांगितली व शेतकरी तीवर विसंबला, तर ३,००० रुपये हातचे जातात. हे नुकसान शेतकऱ्यालाच सोसावे लागते.

संमतीचा मार्ग

रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये नियम केलेली 'अकाउंट अ‍ॅग्रीगेटर' व्यवस्था सप्टेंबर २०२१ पासून प्रत्यक्ष वापरात आली. तीत खातेदाराच्या संमतीनेच बँकेकडील माहिती दुसऱ्या नियमनाधीन वित्तसंस्थेकडे जाते. कोणती माहिती, कशासाठी व किती काळ द्यावयाची, हे संमतीत नमूद असते. संमती मागे घेता येते. मधल्या संस्थेला मजकूर वाचता येत नाही.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. सहायकाला केवळ नोंदी पाहण्याची परवानगी द्यावी. पैसे पाठविण्याची देऊ नये.

२. पिन, पासवर्ड व ओटीपी सहायकाला किंवा कोणालाही सांगू नये.

३. उत्तर कोणत्या नोंदीवरून व कोणत्या तारखेचे आहे, हे विचारावे. नोंद दाखविता न आल्यास उत्तर अंदाज समजावे.

४. कर्जाची मुदत व बाकी बँकेत किंवा सोसायटीत पडताळून घ्यावी.

५. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

रोखीची विक्री व मजुरी बँकेच्या दफ्तरात उमटत नाही. म्हणून वाडीची जमाखर्चाची वही रोज लिहिली पाहिजे. गावच्या कार्यकर्त्यांनी सहायकाचा वापर शिकविण्यापूर्वी ही वही लिहिण्याची सवय लावावी. नोंद खरी असेल, तरच तिच्यावरून मिळणारे उत्तर उपयोगी पडेल.